गोगलगायीचा चुना कुठून येतो?



इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या एका वाचक मैत्रिणीने एक प्रश्न पाठवला आहे. तिच्या नातवाच्या वर्गात मोठी आफ्रिकन गोगलगाय पाळली आहे. सुट्टीत ती आळीपाळीने मुलांच्या घरी जाते आणि यंदा नातवाचा नंबर आहे. शाळेने खाण्याची यादी दिली आहे. त्यात भाज्यांच्या खाली लिहिलंय, ‘कॅल्शियम: अंड्याचं कवच किंवा समुद्रफेस.’ मैत्रीण विचारते, हे आपल्या घरात कसं आणायचं? आणि नाही आणलं, तर त्या जिवाचं काय?

उत्तर दोन ओळींत देता येईल आणि ते मी शेवटी देणारच आहे. पण या प्रश्नामागे चुन्याचा मोठा इतिहास आहे. तो समजून घेतला तर फक्त या एका सुट्टीपुरता नाही, पुढेही उपयोगी पडेल. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

शंख म्हणजे काय

आपण म्हणतो, गोगलगाय आपलं घर पाठीवर घेऊन फिरते. ऐकायला गोड आहे, पण खरं नाही. शंख हा तिच्या शरीराचाच भाग आहे. आपली हाडं आपल्यापासून वेगळी काढता येत नाहीत, तसा तिचा शंखही काढता येत नाही. ती वाढते तसा शंखाच्या तोंडाशी नवा थर चढत जातो. हा शंख जवळजवळ सगळाच्या सगळा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. आपल्या भाषेत चुनखडीचा.

हा माल ती स्वतः तयार करू शकत नाही. तो खाण्यातून मिळवावा लागतो, काही प्रमाणात ओल्या मातीतून तळपायानेही घेता येतो. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू पहिलं काम काय करतं, तर स्वतःच्या अंड्याचं कवच खातं. पहिला घास चुन्याचा! पुढे चुना कमी पडला की शंख पातळ होतो, ठिसूळ होतो, पांढरे चट्टे दिसतात. एकाच पेटीत दोन-तीन गोगलगायी असतील तर त्या एकमेकींचे शंख खरवडायला लागतात.

‘कॅल्शियम’ हा शब्दही चुन्यातूनच आला आहे. लॅटिन भाषेत चुन्याला ‘काल्क्स’ म्हणत. १८०८ साली लंडनमध्ये हंफ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने विजेच्या साहाय्याने चुन्यातून हा धातू वेगळा काढला आणि त्याला कॅल्शियम नाव दिलं. त्याच काल्क्सवरून ‘कॅल्क्युलस’ म्हणजे छोटा खडा. रोमन लोक खडे मांडून हिशोब करायचे, म्हणून इंग्रजीत हिशोबाला ‘कॅल्क्युलेशन’. कॉमर्स शिकताना ‘कॅल्क्युलेटर’ वर्षानुवर्षं वापरलं जातं, पण त्यात चुनखडीचा खडा लपलाय हे कुठल्या पुस्तकात नव्हतं!

माणसाने गोगलगाय पाळली ती खाण्यासाठी

गोगलगाय पाळणं नवं नाही. रोमन लेखक प्लिनीने नोंद केली आहे की फुल्वियस लिप्पिनस नावाच्या माणसाने इटलीत तार्क्विनियाजवळ गोगलगायींची बंदिस्त बाग केली. सीझर आणि पाँपे यांच्यात यादवी पेटण्याच्या थोडं आधीची ही गोष्ट, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी. जातीनुसार वेगळे वाफे, आणि लठ्ठ करण्यासाठी आटवलेला द्राक्षरस आणि पीठ. वारो या दुसऱ्या लेखकानेही शेतीवरच्या ग्रंथात अशा बागेची रचना दिली आहे. भोवती पाणी ठेवावं म्हणजे त्या पळून जात नाहीत, वगैरे. सगळा खटाटोप ताटासाठी. आपल्याला वाचतानाच कसंसं होतं.

शाळेतली गोगलगाय मात्र वेगळी. ती पूर्व आफ्रिकेची. शंख वितीएवढा होऊ शकतो. आपल्या महाराष्ट्रात तिला ‘शंखी गोगलगाय’ म्हणतात, कारण ती इथेही आहे. ती भारतात कशी आली याची कथा नीट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

चौरंगीच्या बागेतून मराठवाड्यापर्यंत

विल्यम बेन्सन हे ब्रिटिश अधिकारी शंख-शिंपल्यांचे अभ्यासक होते. १८४७ साली मॉरिशसहून येताना त्यांनी काही जिवंत गोगलगायी कोलकात्याला आणल्या आणि एका मित्राला दिल्या. मित्राने त्या चौरंगीतल्या बागेत सोडल्या. बस्स, एवढंच घडलं. कुणी वाईट हेतूने काही केलं नाही. पण या जातीत प्रत्येक जीव नर आणि मादी दोन्ही असतो, आणि एका वेळी शे-दोनशे अंडी सहज घालतो. बागेतून ती बाहेर पडली आणि पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत भारतभर पसरली.

ही गोगलगाय जिथे जाते तिथे पिकं खाते, आणि चुन्यासाठी भिंतीही खरवडते. चुना लावलेल्या भिंती, गिलावा, सिमेंट, सगळं. फ्लोरिडामध्ये घराच्या भिंतीचा गिलावा ती खाते म्हणून लोक हैराण झाले होते.

फ्लोरिडाचीच दुसरी गोष्ट आपल्यासारख्या आज्यांनी ऐकावी. १९६६ साली मायामीचा एक मुलगा हवाई बेटांवरून परत येताना तीन गोगलगायी घेऊन आला. काही दिवसांनी त्याच्या आजीने त्या बागेत सोडून दिल्या. आपल्यातली कोणतीही आजी हेच करेल. ‘कशाला बिचाऱ्या जिवाला डबीत कोंडायचं, जाऊ दे मोकळी!’ सात वर्षांत त्या तीनच्या अठरा हजारांहून अधिक झाल्या. सरकारला मोहीम काढावी लागली. ती १९७५ पर्यंत चालली आणि दहा लाख डॉलरहून जास्त खर्च झाला. मोहीम म्हणजे काय ते सांगायला नको. त्या अठरा हजार जिवांचा नाश. २०११ साली मायामीत त्या पुन्हा सापडल्या. तेव्हा दहा वर्षांत सुमारे एक लाख अडुसष्ट हजार गोळा करून मारल्या गेल्या. म्हणून अमेरिकेत परवान्याशिवाय ही गोगलगाय बाळगणंच बेकायदा आहे. ब्रिटनमध्ये पाळता येते, पण १९८१ च्या कायद्यानुसार परदेशी प्राणी मोकळ्यावर सोडणं हा गुन्हा आहे.

आपल्याकडे २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबाद भागात सोयाबीनची कोवळी रोपं या शंखी गोगलगायींनी रातोरात फस्त केली. कित्येक शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली. त्या वेळी कृषी विभागाचे सल्ले वर्तमानपत्रांत येत होते. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती पसरा, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचा, मिठाच्या पाण्यात टाका. आणि बांधाच्या कडेने चुन्याच्या फक्कीचा पट्टा ओढा, म्हणजे त्या ओलांडून येणार नाहीत. पोटाला चिमटा बसलेल्या शेतकऱ्याला घरात बसून बोल लावण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण चौरंगीच्या बागेतली ती एक सोडणूक कुठवर जाऊन पोहोचली, हे तरी पाहिलंच पाहिजे.

चुना मारतो आणि चुना जगवतोही

इथे तुमच्या मनात शंका आली असेल. गोगलगाय चुन्यासाठी भिंत खाते, तर चुन्याच्या पट्ट्याला का घाबरते?

याचं उत्तर स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक या तरुण डॉक्टरने शोधलं. मूतखड्यावर चुन्याची निवळी औषध म्हणून देत असत, त्या अभ्यासातून तो या विषयाकडे वळला आणि १७५६ साली त्याने आपले प्रयोग छापले. त्याची रीत एखाद्या चोख हिशोबनिसासारखी. भट्टीत घालण्यापूर्वी वजन, काढल्यावर वजन. चुनखडी भाजली की हलकी होते, म्हणजे तिच्यातून काहीतरी निघून जातं. ते काहीतरी म्हणजे एक वायू, ज्याला आपण आज कार्बन डायऑक्साइड म्हणतो. शुद्ध चुनखडी शंभर किलो भाजली तर कळीचा चुना छप्पन्न किलो उरतो, बाकीचे चव्वेचाळीस किलो हवेत जातात.

हा कळीचा चुना दाहक. पाणी घातलं की खदखदतो. विरवल्यावरही त्याचा दाह पूर्ण जात नाही. पानाला चुना जास्त लागला तर जीभ पोळते, हे आपल्या आजीच्या पिढीला चांगलं माहीत होतं. मग गोगलगायीच्या ओल्या, उघड्या अंगाचं काय होत असेल?

भिंतीला लावलेला चुना मात्र हळूहळू हवेतला तोच वायू परत घेतो आणि वर्षभरात पुन्हा चुनखडी होतो. जे भट्टीत खर्ची पडलं ते हवेतून परत जमा होतं. म्हणून जुनी भिंत तिचं अन्न आणि ताजी फक्की तिचं मरण. दिसायला दोन्ही पांढरंच. मैत्रिणीने घरातला पानाचा चुना किंवा रांगोळीजवळ ठेवलेली फक्की चांगल्या मनाने पेटीत टाकली, तर काय होईल याचा विचार करा.

चार पर्याय, चार इतिहास

आता शाळेच्या यादीकडे वळू. जगात गोगलगाय पाळणारे लोक मुख्यतः चार गोष्टी वापरतात. प्रत्येकीची उत्पत्ती पाहू.

पहिला समुद्रफेस. पक्ष्यांच्या पिंजऱ्यात चोच घासायला टांगतात तो पांढरा, होडीच्या आकाराचा हलका तुकडा. संस्कृतात समुद्रफेन. नावावरून वाटतं की समुद्राचा फेस वाळून घट्ट झाला, आणि पूर्वी लोकांची तशीच समजूत होती. आयुर्वेदात कानाच्या विकारांवर त्याची पूड सांगितली आहे. युरोपात शाई सुकवायला त्याची भुकटी कागदावर भुरभुरत, सोनार त्यात साचा कोरून दागिने ओतत. प्रत्यक्षात तो माकुल जातीच्या समुद्री जिवाच्या शरीरातला अवयव आहे. त्यात हवेचे बारीक कप्पे असतात, त्यांच्या आधाराने तो जीव पाण्यात वर-खाली होतो. जीव मेल्यावर तो किनाऱ्यावर वाहून येतो हे खरं. पण दुकानात येणारा माल सगळा वेचलेलाच असतो असं नाही, मासेमारीतूनही तो बाजारात येतो. नाव फेस, वस्तू मात्र त्रस जिवाच्या अंगातली.

दुसरं अंड्याचं कवच. यात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट. इंग्लंडात घरोघरी नाश्त्याची कवचं उरतात, म्हणून शाळेने सहज लिहिलं. त्यांच्या दृष्टीने तो केराचा सदुपयोग आहे, त्यात वाईट हेतू शोधू नये. पण आपल्या घरात ही वस्तू मुळात येतच नाही. एका पाहुण्या जिवासाठी शेजाऱ्याकडून मागून आणणं, धुणं, भाजणं, वाटणं हे आपल्या स्वयंपाकघरात बसत नाही.

तिसरे शिंपले. कोकणात आणि गोव्यात शिंपल्या भाजूनच चुना करत. घाटावर जमिनीतून चुनखडीचे खडे वेचून भट्टी लावत आणि बैलाच्या घाणीत तो चुना मळत. शिंपल्याची भुकटी आज कोंबड्यांच्या खाद्यात जाते. आणि मैत्रिणींनो, आपल्या वयाच्या बायका हाडांसाठी ज्या कॅल्शियमच्या गोळ्या घेतो, त्यातल्या काहींच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत ‘ऑयस्टर शेल’ लिहिलेलं असतं. म्हणजे शिंपल्यापासून केलेलं. गोगलगायीच्या निमित्ताने एकदा आपल्याही डबीवरची अक्षरं चष्मा लावून वाचा. खाणीतल्या चुनखडीपासून केलेल्या गोळ्याही मिळतात. गोळी बदलायची तर डॉक्टरांना विचारूनच बदला, पण विचारा जरूर.

चौथा दगड. चुनखडीची भुकटी किंवा नैसर्गिक खडू. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पांढरेशुभ्र कडे आहेत, ते याच खडूचे. १८६८ साली नॉर्विच गावात थॉमस हक्सली या शास्त्रज्ञाने कामगारांसमोर व्याख्यान दिलं, विषय फक्त एक, खडूचा तुकडा! सुताराच्या खिशात असतो तेवढ्या खडूत पृथ्वीचा केवढा इतिहास आहे हे त्याने साध्या माणसांना समजावून सांगितलं. हा खडू म्हणजे समुद्राच्या तळाशी साचलेली सूक्ष्म जिवांची कवचं. साडेसहा ते दहा कोटी वर्षांपूर्वीची. थरावर थर बसून त्याचा दगड झाला.

तीच चुनखडी जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने बदलली की संगमरवर होतो. आबूच्या देलवाड्याला आपण जातो, विमल मंत्रींनी १०३१ साली उभारलेल्या विमलवसहीत मान वर करून छतातली कमळं पाहतो. तो पांढरा दगड आणि गोगलगायीचा शंख यांचा मूळ माल एकच. शहाबादी फरशीही त्याच कुळातली. म्हणून तिच्यावर लिंबू सांडलं की डाग पडतो.

हिंसा कुठे नाही?

एखादी म्हणेल, खडू तरी जिवांच्याच कवचांचा झाला ना? मग शिंपल्यात आणि त्यात फरक काय?

प्रश्न योग्य आहे. पाठशाळेत ज्यांनी शांतिसूरींचं जीवविचार प्रकरण केलं असेल त्यांना आठवेल, दोन इंद्रियांच्या जिवांची यादी शंख आणि कवडी यांच्यापासून सुरू होते. म्हणजे शंखधारी जीव आपल्या आचार्यांच्या नजरेतून सुटलेला नाही, उलट पहिल्या नंबरावर आहे. आणि त्याच ग्रंथात पृथ्वीकायाच्या यादीत स्फटिक, रत्नं, प्रवाळ, धातू यांच्याबरोबर खडीही आहे. म्हणजे दगड फोडणं हेही आपल्या दृष्टीने निर्दोष नाही. खाण खणताना पृथ्वीकायाची विराधना होते. संपूर्ण निर्दोष चुना या संसारात मिळणार नाही.

पण श्रावक-श्राविकेचं व्रत साधू-साध्वींच्या महाव्रतासारखं नसतं. आपल्याला त्रस जिवांची जाणूनबुजून हिंसा टाळायची आहे आणि स्थावराच्या बाबतीत जयणा पाळायची आहे. आज बाजारात मागणी आहे म्हणून उद्या कुणी जीव पकडला जाणार असेल, तर त्या मागणीत आपला वाटा पडतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळी मेलेल्या जिवाला माझ्या खरेदीने काही होत नाही. हिशोबाच्या भाषेत सांगायचं तर जुन्या वर्षाचा खर्च आणि चालू वर्षाचा खर्च एकाच खात्यात टाकायचा नसतो. सचित्त-अचित्ताचा बारकावा आपापल्या गुरुभगवंतांना विचारावा, मी फक्त गृहिणीच्या पातळीवर बोलते आहे.

मग काहीजणी म्हणतील, नकोच ती भानगड. पेटी घरात येऊ दे, भाजी घालू, चुना घालायचाच नाही. म्हणजे आपल्याला दोष नाही. इथे मी स्पष्ट सांगेन, असं करू नका. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो. बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. पहिला बंध, म्हणजे कोंडणं, तो पेटी पाहूनच लक्षात येतो. पण शेवटचा, अन्नपाननिरोध, तोही तितकाच खरा. कोंडलेल्या जिवाला स्वतः अन्न शोधता येत नाही. बाहेर असती तर तिने भिंत खरवडली असती, माती चाटली असती. पेटीत तिला जे मिळायचं ते आपल्याच हातून. चुना हे तिच्यासाठी अन्नच आहे, भाजीइतकंच. ते न देणं म्हणजे हात स्वच्छ ठेवणं नव्हे.

एका गोगलगायीवर किती जीव

चुना कमी पडला की काय होतं याचं एक उदाहरण हॉलंडमधलं आहे. तिथल्या जंगलांत ग्रेट टिट नावाचे चिमणीएवढे पक्षी पातळ कवचाची अंडी घालू लागले. कित्येक घरट्यांत अंडी फुटत, पिल्लं होतच नसत. ग्राफेलांट या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कारण शोधलं आणि ते १९९४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आलं. कारखाने-मोटारींच्या धुरामुळे आम्लाचा पाऊस पडत होता. त्याने जमिनीतलं कॅल्शियम वाहून गेलं, गोगलगायी कमी झाल्या, आणि पक्षिणींना अंड्यासाठी लागणारं कॅल्शियम मिळायचं ते गोगलगायींच्या शंखांतूनच. धूर कुठला, पाऊस कुठला आणि घरटं कुठलं!

‘परस्परोपग्रह’ हा शब्द आपल्या जैन प्रतीकाखाली लिहिलेला असतो. जीव एकमेकांच्या आधाराने जगतात. लग्नपत्रिकेवर तो छापलेला पाहून आपली नजर पुढे सरकते. त्या जंगलातली साखळी वाचली की तो शब्द मनात बसतो.

तर मैत्रिणीला उत्तर

खाद्य म्हणून विकली जाणारी शुद्ध चुनखडीची भुकटी आणावी. इंग्लंडात घोड्यांच्या खाद्यात मिसळण्यासाठी ती मिळते. पुडक्यावर ‘कॅल्शियम कार्बोनेट’ लिहिलेलं हवं. ‘हायड्रॉक्साइड’ किंवा ‘ऑक्साइड’ लिहिलं असेल तर तो भाजलेला चुना, त्याला हातही लावू नये. बागेसाठीचा चुना घेताना हे जास्तच पाहावं, कारण तो दोन्ही प्रकारांत मिळतो. शाळेचा फळ्यावरचा खडू चालत नाही. नाव खडू असलं तरी हल्ली तो बहुतेक जिप्समचा असतो, म्हणजे वेगळंच रसायन. आपल्या कॅल्शियमच्या गोळ्याही कुटून घालू नयेत, त्यात इतर बरंच काही असतं.

चमचाभर भुकटी छोट्या बशीत वेगळी ठेवावी, थोडी ओल्या भाजीवर भुरभुरावी. तिला हवी तेवढी ती घेते. भाज्यांत काकडी, दुधी, कोबीची पानं, सॅलडची पानं. कंदमूळ घालण्याची गरज नाही, त्यावाचून तिचं काही अडत नाही. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम अडवून धरतं. मीठ-तिखटाचं काही नको. आणि ती रात्री जागी होऊन खाते, तेव्हा तिला चौविहाराचा नियम लावू नका! सूर्यास्तापूर्वी वाढून ठेवलं की आपला नियमही राहतो आणि तिचं पोटही भरतं.

पेटी ओलसर ठेवावी, उन्हात नको. हाताळल्यावर मुलांचे हात साबणाने धुवावेत, कारण या गोगलगायींमधून मेंदूचा आजार करणारा कृमी माणसात येऊ शकतो. पेटीत अंडी दिसली तर स्वतः काही न करता लगेच शाळेला कळवावं.

आणि कितीही दया आली तरी तिला बागेत सोडू नये. मायामीच्या आजीच्या तीन गोगलगायी आठवाव्यात. दशवैकालिक सूत्रात दयेच्या आधी ज्ञानाला स्थान दिलं आहे, ते किती विचारपूर्वक दिलं आहे हे अशा वेळी कळतं.

भारतातल्या मैत्रिणींना एवढंच सांगेन. हौस म्हणून शंखी गोगलगाय घरात आणू नका, नातवंडांना आणू देऊ नका. पावसाळ्यात अंगणात आली तर तिच्यावर मीठ टाकण्याचा अघोरी उपाय करू नका. आणि उचलून दुसऱ्याच्या शेताकडे सोडून येऊ नका, तीही दया नव्हे. रोपवाटिकेतून कुंडी आणताना मातीत अंडी नाहीत ना, हे आधीच पाहून घ्या. साबुदाण्यासारखी पिवळसर, पण मोठी, झुपक्याने असतात. दिसली तर ती कुंडी घेऊच नका आणि दुकानदाराला दाखवा.

आणि आज दिवाबत्तीच्या आधी पाच मिनिटं काढून आपल्या गोळ्यांच्या डबीवरचं वाचा. काय लिहिलंय ते मला जरूर कळवा.

जय जिनेंद्र.